राहिलेली पानं वाचणारे भूपालअण्णा

मी लिहायला बसले आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. आयुष्यभर मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासायचं आणि समासात लाल शाईनं 'अस्पष्ट' असा शेरा मारायचा, एवढाच माझा लेखनाशी संबंध आला. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोरा कागद समोर ओढला, तेव्हा तोच शेरा मला माझ्या समासात आधी दिसू लागला. तरीही लिहिते आहे. भूपालअण्णांविषयी मी लिहिलं नाही तर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. आणि लिहिलंच तर त्यांना वेडा ठरवून मोकळं होईल.

भूपालअण्णा मेलेल्या माणसांची अर्धी राहिलेली पुस्तकं वाचून पूर्ण करतात.

हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिलं. याहून सौम्य करता येत नाही.

माणूस जातो तेव्हा त्याच्या उशाशी कधीकधी एखादं पुस्तक असतं. त्यात खूण घातलेली असते. घरचे लोक रडण्याच्या आणि आवराआवरीच्या गडबडीत ते कपाटात टाकतात किंवा रद्दीत देतात. अण्णा त्याआधीच तिथे पोहोचतात. भेटायला आलेल्यांमध्ये शांतपणे बसतात, चहाला नको म्हणतात आणि मंडळी जरा पांगली की विचारतात, "काय वाचत हुते? कुठवर आलं हुतं?" पुस्तक मिळालं की तो माणूस जिथे बसून वाचत असे, तिथे त्याची खुर्ची रिकामी ठेवतात, स्वतः समोर बसतात आणि खुणेच्या ओळीपासून शेवटापर्यंत मोठ्यानं वाचतात. लांबलचक पुस्तक असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. शेवटचं पान झालं की पुस्तक मिटून रिकाम्या खुर्चीला सांगतात, "झालं हं." मग तांब्याभर पाणी पिऊन निघून जातात.

अण्णांनी सारी हयात तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे पुकारण्यात घालवली. त्यामुळे ते काहीही वाचू लागले तरी ते विकायला काढलं आहे असं वाटतं. सांगलीत आमची दोन घरं एका भिंतीला चिकटून आहेत. सकाळी ते वर्तमानपत्र उघडतात ते थेट निधनवार्तांच्या पानावर. चौकात श्रद्धांजलीचा नवा फलक लागला की पांढरी टोपी नीट करून त्यासमोर उभे राहतात आणि फोटोतल्या माणसाच्या नाकाकडे निरखून बघतात.

"नाकावर चष्म्याचा वळ हाय बगा, बाई," ते मला एकदा म्हणाले. "ह्यो वाचणारा."

या साऱ्यामागे त्यांचा एक सिद्धान्त आहे. तो ते फार सहजपणे सांगतात. "अर्धं वाचून गेल्यालं माणूस पुढं जात न्हाई. यष्टी स्टँडवर बसल्यावानी बसून ऱ्हातंय. गाडी लागल्याली आसती, पर ह्याचं ध्यान मागं. आता गाडी सोडायची तर कुणीतरी सांगाय नको का, काय झालं शेवटाला?"

माझी त्यांच्याशी खरी ओळख झाली ती माझे यजमान गेले तेव्हा. ते पाटबंधारे खात्यात अभियंते होते. हयातीत त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवलं ते फक्त गळका नळ बघायला. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी कुठूनसं लोणच्यांचं एक पुस्तक आणलं आणि एखाद्या धरणाचा आराखडा वाचावा तसं ते मन लावून वाचू लागले. लिंबाच्या गोड लोणच्यापर्यंत आले होते. भेटायला आलेली माणसं गेल्यावर अण्णांनी त्यांचे ते दोन प्रश्न विचारले, तेव्हा माझे दीर त्यांना बाहेर काढायला उठले. मी पुस्तक आणून दिलं. का दिलं, ते सांगता येत नाही.

"कुठं बसून वाचायचे साहेब?"

"स्वयंपाकघराच्या दारात. त्या स्टुलावर."

अण्णा स्टुलासमोर पाटावर बसले आणि त्यांनी करवंदं, ओल्या मिरच्या आणि कैऱ्या सौद्याच्या आवाजात पुकारायला सुरुवात केली. "मोहरी पाणी घालून फेसावी!" ते गरजले. आमच्या घरात त्या दिवसांत चूल पेटली नव्हती. जेवण शेजारून येत होतं. तरीही त्या दुपारी स्वयंपाकघरात फेसलेल्या मोहरीचा झणझणीत वास भरला. हा भास आहे असं मी स्वतःला बजावत होते, तेवढ्यात माझे दीर शिंकले. एकदा नव्हे, ओळीनं शिंकतच राहिले. माझ्या रसायनशास्त्राकडे याचा खुलासा नाही.

"झालं हं," अण्णा स्टुलाला म्हणाले. वास ओसरला. यजमान गेल्यापासून मला त्या रात्री पहिल्यांदा झोप लागली.

जाताना मात्र ते दारात थबकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, एक इचारू? ह्यात कुठं मेल्याला माणूस चहा मागतुय का? सुरवातीच्या पानांत?"

"लोणच्याच्या पुस्तकात?"

"न्हाई, आपलं इचारून ठेवावं."

हा तिसरा प्रश्न ते प्रत्येक घरी विचारतात, आणि त्यापायी काही घरांतून त्यांना हात धरून बाहेर घालवलेलं आहे. तो प्रश्न त्यांच्या पत्नीचा आहे.

पद्माक्का दुपारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून वाचनालयातून आणलेली पुस्तकं वाचत. अण्णांना वाटे, बाईमाणूस वाचतंय म्हणजे पोथीच असणार. एके दिवशी त्या मोठ्यानं हसल्या आणि म्हणाल्या, "आवं, ऐका तरी. ह्यो मेल्याला माणूस उठून चहा मागतुय!" अण्णा फोनवर बेदाण्याचे भाव ऐकत होते. ते 'हूं' म्हणाले. त्याच आठवड्यात पद्माक्का गेल्या, अगदी अचानक, ते पुस्तक अर्धं ठेवून. मुलीनं आवराआवर करताना ते वाचनालयात परत केलं आणि ती पुण्याला गेली. अण्णांना पुस्तकाची आठवण झाली तेव्हा महापूर येऊन गेला होता. वाचनालयाचा तळमजला बुडाला होता. पुस्तकांचा लगदा झाला होता आणि कोणी काय नेलं याच्या नोंदीही त्यातच गेल्या होत्या. मुलीला पुस्तकाचं नाव आठवेना. अण्णांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून ते पद्माक्कांचं पुस्तक शोधत आहेत. त्यांच्या हिशेबानं त्या अजून स्टँडवर बसलेल्या आहेत. नव्हे, स्टँडवरही नाही, उंबऱ्यावरच. दुपारी तिथे पान उलटल्याचा आवाज येतो, असं ते सांगतात. आमची भिंत एकच असल्यानं तो आवाज मीही ऐकला आहे. ती दिनदर्शिका असावी, असं माझं मत आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात दिनदर्शिका नाही, हे मला नंतर कळलं.

नाव माहीत नसलेलं पुस्तक शोधायचं तर सगळ्याच प्रकारची पुस्तकं वाचावी लागतात. अण्णांच्या वाचनात आवडनिवड नाही. निवड मेलेल्यांची. त्यातही त्यांना मिळतात ते उत्तरार्ध. राजाला विष कोणी दिलं हे त्यांना ठाऊक असतं, राजा कुठला हे ठाऊक नसतं. लागलेली लग्नं त्यांनी पुष्कळ वाचली आहेत, जमताना एकही नाही.

वर्ष सरताना ते माझ्या पडवीत येऊन बसतात आणि त्या सालची आपली आवडती पुस्तकं सांगतात. गेल्या वर्षभर मीच त्यांना गाडीतून घरोघर नेत होते, त्यामुळे यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

शेतीच्या पुस्तकांत त्यांनी पहिला मान दिला द्राक्षावरच्या भुरी रोगाच्या एका पुस्तिकेला. तासगावजवळच्या एका बागायतदाराची ती होती. तो बागेतच खाट टाकून वाचत असे, म्हणून अण्णाही वेलींखाली जाऊन बसले. किती लिटर पाण्यात कोणतं औषध किती घालायचं, हे त्यांनी रिकाम्या खाटेला असं ऐकवलं की शेजारच्या बागेतला गडी ते लिहून घेऊन गेला. "शेवट गोड हाय," हा अण्णांचा अभिप्राय. "रोग जातुय."

प्रवासवर्णनांत साताऱ्याच्या एका वृद्ध बाईंचं पुस्तक त्यांना आवडलं. त्या बाई साताऱ्याबाहेर फारशा गेल्याच नव्हत्या. पुस्तकातून हिमालय चढत होत्या आणि बरोबर खिंडीत पोहोचल्या असताना वारल्या. त्यांची सून म्हणाली की सासूबाईंची खोली ऐन उन्हाळ्यात थंडगार असते, पंखा लावायला नको वाटतो. अण्णांनी दोन दुपारी वाचन केलं. दुसऱ्या दुपारी मी आत गेले, तेव्हा खोलीत उकडत होतं.

"बर्फातच बसली हुती बिचारी," ते गाडीत बसताना म्हणाले. "खाली आणून सोडली."

दहिवडीकडचे एक सुभेदार गेले. दरारा असा की त्यांच्या पश्चात देखील घरातले उभ्यानं बोलत होते. ते मेंढवाड्यापाशी बसून वर्तमानपत्राचं वेष्टण घातलेलं एक जाडजूड पुस्तक वाचत. युद्धावरचं असणार म्हणून कोणी हात लावला नव्हता. अण्णांनी वेष्टण बाजूला केलं आणि सुभेदारांच्या मुलाकडे बघितलं.

"ह्ये समद्यांम्होरं वाचू?"

"वाचा की. आबांचं काय झाकायचं हाय?" मुलगा म्हणाला.

ती प्रेमकथा निघाली. "तिच्या बटा वाऱ्यावर भुरुभुरु उडत होत्या!" अण्णा सौद्याच्या आवाजात ओरडले आणि सुभेदारांच्या थोरल्या सुनेनं पदर तोंडात कोंबला. मी मात्र शेळ्यामेंढ्यांकडे पाहत होते. त्यांनी चरणं थांबवलं होतं. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला होती, आणि ती अण्णांकडे नव्हती. ती त्यांच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे होती. नायक-नायिकेचं मीलन झालं, 'झालं हं' झालं आणि साऱ्या माना एकदम खाली गेल्या.

"शेळ्यास्नी लय आवडलं," अण्णा म्हणाले. परत येताना त्या माना माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात, गाडी हळू चालवावी लागली.

रहस्यकथांचा मान फलटणचा. एक निवृत्त मास्तर खुनी कोण ते कळायला दोन पानं उरली असताना गेले होते. "दोन पानं, बाई! त्यो जीव तिकडं कसा निवांत बसंल?" अण्णा रस्ताभर हळहळत होते. त्यांनी तिथे पोहोचून ती दोन पानं वाचली. खुनी दिवाणजी निघाला. त्याचं नाव उच्चारताच आतल्या बंद खोलीतून स्पष्ट 'च्च' असा आवाज आला.

मास्तरांच्या पत्नी न हलता म्हणाल्या, "त्यांना डॉक्टरावर संशय हुता."

यातल्या प्रत्येक घरी तिसरा प्रश्न विचारला गेला, आणि प्रत्येक घरी 'न्हाई' असं उत्तर आलं. फलटणच्या मास्तरांच्या पत्नींनी तर समोर ठेवलेला चहाचा कप उचलून आत नेला. उत्तर मिळालं ते वर्ष सरता सरता, तासगावात.

एक अविवाहित शिक्षिका गेल्या होत्या. त्यांच्या भाच्यानं दार उघडलं. चाळिशीचा, गुंटूरला बेदाणा पाठवणारा व्यापारी. अर्धवट राहिलेलं असं काही नव्हतं. आत्या पुस्तक संपवल्याशिवाय जेवत नसे, असं तो म्हणाला. अण्णांनी सवयीनं विचारलं, "त्यांच्या कुठल्या पुस्तकात मेल्याला माणूस चहा मागतुय, आसं कवा बोलल्या हुत्या का?"

"व्हय की," भाचा म्हणाला. "तिरडीवर उठून बसतुय आन् म्हणतुय, साखर कमी घाला. लहानपनी आत्यानं आमाला त्येच सांगून सांगून भ्या घातलंया. हाय की आत, आणू?"

अण्णा दारातल्या चपलांवरच बसले.

पुस्तकाचं वेष्टण गेलेलं होतं, सुरुवातीची पानंही गेली होती. त्यामुळे त्याचं नाव आम्हांला आजही ठाऊक नाही. ते भयकथांचं होतं. पोथी नव्हे, विनोदी नव्हे. अंगावर काटा आणणाऱ्या, रक्तामांसाच्या भयकथा. अण्णा ते मांडीवर घेऊन गाडीत बसले. कवठेएकंद मागे गेलं तरी त्यांनी ते उघडलं नव्हतं.

"बाई," ते अखेर म्हणाले, "न्हाई वाचलं तर?"

"तर पद्माक्का तशाच बसून राहतील. तुम्हीच सांगता ना."

"व्हय. म्हंजे घरात तर ऱ्हातील."

दुपारी येणारा तो पान उलटल्याचा आवाज आम्हां दोघांनाही ठाऊक होता. ते घर तेवढ्या आवाजावर चाललं होतं.

"लोकांच्या घरात जाऊन मी त्यांच्या माणसांस्नी वाटंला लावलं," थोड्या वेळानं ते म्हणाले. "आन् आपलं तेवढं दाबून ठेवायचं? बरं दिसतंय व्हय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, साक्षीला. ते तसं नव्हतं. ते चांगलेच घामाघूम झाले होते.

"तुमी हितंच बसा. उठू नगा. मला भुताच्या गोष्टीचं लय भ्या वाटतंय."

"अण्णा! तुम्ही आजवर कोणाकोणासमोर बसून वाचलंत!"

"ती माणसं हुती, बाई. ही भुतं हायती."

मी ओट्याला टेकून बसले. अण्णा उंबऱ्यासमोर बसले. पद्माक्का कोणत्या पानावर होत्या हे कळायला मार्ग नव्हता. एवढंच ठाऊक होतं की चहाच्या जागेपर्यंत त्या आल्या होत्या. अण्णांनी ती जागा शोधली आणि वाचलं: मेलेला माणूस तिरडीवर उठून बसतो आणि चहा मागतो. वाचून ते थांबले. पुस्तक बाजूला ठेवलं आणि रिकाम्या उंबऱ्याकडे वाकून, मी कधी न ऐकलेल्या अगदी हळू आवाजात विचारलं, "आगं, मग? पुढं काय झालं?"

आणि उत्तराची वाट पाहत बसले. इतका वेळ, की मलाही त्या उंबऱ्याकडे बघवेना.

मग ते पुढे वाचू लागले. सौद्याचा आवाज गेला होता. आडात पडलेल्या हाताचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मीच पुढे सरकून, पानात डोकावून त्यांना पुढची ओळ सांगितली. अधूनमधून ते वर बघत आणि ओठांत हसत. समोरचं माणूस हसल्यावर आपण हसतो, तसं. "हितं हसली बगा," ते एकदा मला म्हणाले. "मुंडकं घरंगळतंय तितं! कसली बाई म्हणायची ही? इतकी वर्सं मला वाटलं, पारायण करतीया."

मी काही ऐकलं नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते.

ऊन कलायच्या आत पुस्तक संपलं. अण्णांनी ते मिटलं. 'झालं हं' म्हणायला त्यांना बराच वेळ लागला, पण ते म्हणाले. आम्ही दोघंही उंबऱ्याकडे कान देत राहिलो. खिडकी उघडी होती, वारा होता, तरी पान उलटल्याचा आवाज आला नाही.

"गेली," अण्णा म्हणाले. तांब्यातलं पाणी ते प्यायले नाहीत.

वर्षाच्या अखेरीस ते नेहमीप्रमाणे माझ्या पडवीत आले. आवडती पुस्तकं सांगून झाली. पद्माक्कांचं पुस्तक त्यात नव्हतं. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "खरं सांगू? मला न्हाई आवडलं. अंधारात संडासला जाताना आजून भ्या वाटतंय. पर कुठं कुठं हसायची ते कळलं." आणि भिंतीकडे बघत बसले. ते पुस्तक संपलं त्या दिवसापासून आमच्या भिंतीतून काहीच ऐकू येत नाही. पलीकडे माणूस राहतो की नाही, अशी शंका यावी इतकी शांतता असते. मी काही ना काही निमित्त काढून सकाळ-संध्याकाळ त्यांना हाक मारते.

उठता उठता त्यांची नजर माझ्या झोपाळ्यावर पालथ्या ठेवलेल्या पुस्तकावर गेली. मला उगीचच दचकायला झालं.

"भ्यू नगा," ते पुन्हा बसत म्हणाले. टोपी काढून त्यांनी गुडघ्यावर ठेवली. "नुसतं इचारतुय. काय वाचताय, बाई? मला पहिल्यापास्नं सांगा."

मी सांगू लागले. मला नीट सांगता येत नव्हतं, मी मध्येच अडखळत होते, मागचं पुढे करत होते. पण ते प्रत्येक वाक्यानंतर "मग?" म्हणत होते आणि फोन त्यांनी खिशातून काढून माझ्या हवाली केला होता.

मला एवढंच विचारायचं होतं: तुमच्या घरातलं माणूस सध्या काय वाचतं आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे का?